गाडी मागचा टायर आतनं खातीय आणि दुकानदार म्हणतोय पाठीमागं अलाइनमेंटच नसतीय

पत्र: सर, माझी २०१७ ची स्विफ्ट आहे, सेकंड हँड घेतलेली. कोल्हापूर ते गारगोटी रोज शाळेला जाऊन येऊन, आम्ही चौघी शिक्षिका मिळून एकाच गाडीतनं जातो. मागचा डावा टायर बाहेरनं बघितला तर नव्यासारखा दिसतोय, पण परवा पंक्चर काढताना चाक काढलं तर आतल्या कडेला चक्क तार दिसायला लागलीय. टायर घेऊन दीड वर्षसुद्धा झालं नाही. अलाइनमेंट तीनदा करून झाली. आधी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडं वाकडं राहायचं, तिसऱ्या वेळी त्यांनी ते सरळ करून दिलं, पण टायर खायचं काय थांबलं नाही. दुकानदार म्हणतोय या गाडीला पाठीमागं अलाइनमेंट नसतेच, टायरच खराब निघाला, दोन नवीन टाका. मिस्टर म्हणतात तुमच्या चौघींच्या वजनानं झालंय. सासरे म्हणतात गाडी काढून टाका. दिवाळीनंतर बिद्रीच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीला साइड देताना मागचं चाक साइडपट्टीवरनं घसरून खड्ड्यात आपटलं होतं, रिमची कड वाकलेली ती ठोकून घेतली. त्याचा काही संबंध असेल का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

ताई, जे वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी जाता जाता लिहिलंय ना, सगळा मामला तिथंच आहे बघा. लोखंडी रिमची कड वाकण्याएवढा दणका बसला तर तो रिमवर थांबत नसतो, तो पुढं हबला जातो, म्हणजे चाक ज्याला बोल्टनं बसतं त्या मधल्या भागाला, हबमधनं स्टबला, म्हणजे हब ज्याच्यावर फिरतो त्या आखूड दांड्याला, आणि तिथनं मागच्या आडव्या बीमला. रिम डोळ्याला दिसली म्हणून ठोकून घेतली, आतलं कुणाला दिसलं नाही म्हणून ते तसंच राहिलं, आणि तेव्हापासनं तुमचा टायर रोज थोडा थोडा त्याची भरपाई करतोय.

मिस्टरांचं आधी निकालात काढू. गाडी कंपनीनं पाच माणसं बसतील म्हणूनच बनवलीय, चौघींच्या वजनानं टायर खात असता तर दोन्ही मागचे टायर सारखे खाल्ले असते आणि तेही हवा कमी असली तर दोन्ही कडांनी, एकट्या डाव्याच्या आतल्या कडेनं नाही. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता दुकानदार. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानंच घात होतोय. तुमच्या गाडीला पाठीमागं टॉर्शन बीम असतोय, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकच जाड पिळणारा बीम, दोन टोकाला दोन चाकं. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक, शिवाय सिटी, क्रेटासारख्या गाड्यासुद्धा याच पद्धतीच्या. पुढच्या चाकांना टाय रॉड असतो, पाना लावून फिरवला की चाक आत-बाहेर वळतं, तसा फिरवायचा नट पाठीमागं नसतो. एवढंच खरं आहे. पण फिरवायला नट नाही म्हणून कोन नाही असं कुठं असतंय का? कंपनीतनं येतानाच चाक ठरलेल्या कोनात बसवलेलं असतंय, आणि मशीनमध्ये तुमच्या मॉडेलचा डेटा टाकला की मागच्या चाकांचे आकडे किती ते किती पाहिजेत हे स्क्रीनवर येतंच. आता जिकडंतिकडं थ्रीडी मशीन झाल्यात, चारी चाकाला प्लेटा लावतात, म्हणजे मागचं माप मशीन घेतंयच. तीनही वेळा स्क्रीनवर मागचं डावं चाक लाल दाखवत असणार आणि मुलानं पुढची दोन हिरवी करून गाडी खाली उतरवली असणार, मी पैज लावतो. त्याचा दोष म्हणत नाही, त्याला सांगितलेलंच तेवढं असतंय की पुढचं कर, पावती फाड, पुढची गाडी घे.

आता नेमकं काय झालंय ते सांगतो, थोडं भूमितीचं आहे पण तुम्ही शिक्षिका आहात, चालून जाईल. चाकाचे दोन कोन इथं महत्त्वाचे. एक टो, म्हणजे वरनं बघितलं तर चाकाचं तोंड आत वळलंय का बाहेर. दुसरा कॅम्बर, म्हणजे मागनं बघितलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलाय का बाहेर. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटतं तेव्हा ते मागं ढकललं जातं आणि वरही ढकललं जातं. मागं ढकललं की स्टब मागं वाकतो आणि चाकाचं तोंड बाहेर वळतं, वर ढकललं की चाकाचा माथा आत झुकतो. तोंड बाहेर वळलेलं चाकही आतल्या कडेनं झिजतं आणि माथा आत झुकलेलं चाकही आतल्याच कडेनं झिजतं. दोन्ही एकाच बाजूला येऊन पडले, म्हणून आतली कड तारेपर्यंत गेली आणि बाहेरची नक्षी जशीच्या तशी.

इथं एक गंमत आहे जी बऱ्याच मेकॅनिक लोकांच्याही ध्यानात येत नाही. पुढचं वाचायच्या आधी जाऊन तुमच्या उजव्या मागच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. तीही थोडी झिजलेली लागायची शक्यता भरपूर आहे, डाव्याइतकी नाही पण झिजलेली. कारण मागची दोन चाकं जोडीनं जुंपलेली असतात, बैलजोडीतला एक बाहेर ओढायला लागला की दुसऱ्याच्या मानेवरही ओढ येते आणि जोडी मधल्याच कुठल्यातरी दिशेनं चालते. डावं चाक बाहेर वळलंय म्हणून गाडीची शेपूट डावीकडं सरकते आणि शेवटी टोची चूक दोन्ही टायर निम्मी निम्मी वाटून घेतात. कॅम्बर मात्र वाटून घेता येत नाही, तो ज्याचा त्यालाच भोगावा लागतो, म्हणून डावा जास्त गेला.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. समजा डावं चाक ०.६ अंश बाहेर वळलंय, डोळ्याला काही म्हणजे काही दिसणार नाही. वाटून प्रत्येक टायरच्या वाट्याला ०.३ अंश आले. एवढ्याशा कोनात टायर दर किलोमीटरला पाच मीटरच्या वर आडवा घासत जातो. गारगोटीला जाऊन-येऊन शंभरभर किलोमीटर धरले तर रोज अर्धा किलोमीटर तुमचा टायर सरळ न पळता डांबरावर आडवा फरफटतोय. कुठला टायर टिकेल सांगा, कितीही भारी कंपनीचा आणा.

म्हणून टायर कंपनीवर क्लेम टाकायचा विचार डोक्यात असेल तर सोडून द्या. वॉरंटी टायर बनवण्यातल्या दोषाला असते, गाडीच्या दोषानं एका कडेला झिजला तर मिळत नाही, आणि त्यांचा माणूस झिजेचा नमुना बघून दोन मिनिटांत ओळखतो.

स्टेअरिंगचंही कोडं यातच सुटतं. गाडीची शेपूट डावीकडं सरकायला लागली की नाक उजवीकडं वळायला बघतं, म्हणून तुम्हाला सरळ जायला स्टेअरिंग डावीकडं धरायला लागत होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी पुढचे टाय रॉड मागच्या वाकड्या दिशेला जुळवून घेतले, स्टेअरिंग सरळ झालं, तुम्ही खूश. पण दुखणं होतं तिथंच. गाडी आता स्टेअरिंग सरळ ठेवून तिरकी चालते एवढाच फरक.

खरं वाटत नसेल तर फुकटची तपासणी सांगतो. वॉशिंग सेंटरवरनं ओल्या टायरनं बाहेर पडला की पुढं कोरडा सरळ रस्ता बघून हळू चालवा, थांबून खाली उतरा आणि मागं चाकांचे ओले ठसे बघा. मागच्या चाकांचा ठसा पुढच्यांच्या ठशावर दोन्ही बाजूला सारखाच आत किंवा सारखाच बाहेर पडला असेल तर ठीक, कारण पुढची-मागची रुंदी थोडी वेगळी असू शकते. दोन्ही बाजूला मागचा ठसा डावीकडंच सरकलेला दिसला तर गाडी तिरकी चालतेय.

आणि हाताची तपासणी तर प्रत्येक गाडीवाल्याला यायलाच पाहिजे. चाक काढायची गरज नाही, गाडी सपाटीवर उभी, हँडब्रेक ओढलेला, टायर गार असताना मागनं खाली हात घालून तळवा टायरच्या आतल्या कडेकडनं बाहेर फिरवा, मग बाहेरनं आत. (तुमच्या डाव्या टायरला हे करू नका, तार बाहेर आलेली आहे, बोटात घुसेल.) एका दिशेनं मऊ आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं खरखरीत लागलं तर टो गेलाय. नुसतीच एक कड गुळगुळीत आणि खरखर कुठंच नाही, तर कॅम्बर. गोलाकार फिरवताना थोड्या थोड्या अंतरावर खोलगट वाट्या लागल्या तर शॉकअप्सर गेलाय किंवा बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे किंवा बॅलन्सिंग नाही. या वाट्या पडल्या की गाडी पाठीमागनं हुंऽऽ करून आवाज करते आणि लोक बेअरिंग बदलून बसतात, बिचारं बेअरिंग चांगलं असतंय. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. हवेवरनं आठवलं, पंपावर पोरं डोळे झाकून पस्तीस मारतात, तुमच्या ड्रायव्हर बाजूच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतोय तो वाचून तेवढीच भरायला सांगा, गार टायरला.

आता करायचं काय ते. नवीन टायर घ्यायच्या आधी अलाइनमेंटवाल्याकडं जा, वाटल्यास दुसऱ्याकडं, आणि गाडी चढवायच्या आधीच सांगा की मला काही फिरवून नको, आधी नुसतं माप पाहिजे, चारी चाकांचं, आणि त्याची प्रिंट पाहिजे. 'आधी'ची प्रिंट, 'नंतर'ची नाही. चारी टायरची हवा स्टिकरप्रमाणे करून घ्या, डिकीतला पसारा घरी ठेवा. तुमच्या बाबतीत एक विशेष काळजी, ठोकलेल्या रिमवर प्लेट धरणारा क्लॅम्प बसवला की माप चुकू शकतं. म्हणून प्लेटा लावल्यावर गाडी थोडी मागं-पुढं ढकलून मशीनला रिमचा वाकडेपणा वजा करायला लावतात, ते नीट करतोय का बघा, घाईत ते उरकून टाकतात. त्याहून चांगलं म्हणजे ती रिम त्या जागेवरनं काढून तिथं स्टेपनीची रिम लावूनच माप घ्या. मग शंकाच नको.

प्रिंटवर मागच्या बाजूला बघायचे आकडे सांगतो. डाव्याचा टो, उजव्याचा टो, दोन्हीची बेरीज, दोन्हींचा कॅम्बर, आणि थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची दोन चाकं मिळून गाडीला ज्या दिशेला ढकलतात त्या दिशेचा कोन. बेरीज हिरवी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. समजा डावं चाक बाहेर ०.२० आणि उजवं आत ०.३० असेल, तर बेरीज आत ०.१० येते, छान हिरवी, टायरही फारसे खाणार नाहीत, पण थ्रस्ट अँगल ०.२५ अंश डावीकडं, म्हणजे गाडी तिरकीच. टायर खातोय का हे बेरीज सांगते, गाडी तिरकी चालतेय का हे थ्रस्ट सांगतो, आणि दोष कुठल्या चाकात आहे हे सुटे आकडे सांगतात. माझ्या अंदाजानं तुमच्या प्रिंटवर डाव्याचा टो बाहेर आणि कॅम्बर उणे बाजूला, म्हणजे माथा आत, जास्त, उजव्याचे दोन्ही ठीक, असं येईल.

मशीनवर विश्वास नसेल तर दोऱ्यानं घरच्या घरी पण माप निघतं, पूर्वी गॅरेजमध्ये असंच करायचे. गाडीच्या दोन्ही बाजूला चाकाच्या मध्याच्या उंचीवर लांब दोरा ताणून बांधायचा, स्टूलावर किंवा विटांच्या ढिगावर. दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढं आणि मागं एकच पाहिजे, म्हणजे दोरे समांतर, आणि पुढच्या डाव्या-उजव्या हबपासनं दोरा सारख्या अंतरावर, मागच्यापासनंही तसंच. हे जुळवण्यातच सगळा वेळ जातो. मग मागच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासनं दोऱ्यापर्यंत आणि मागच्या कडेपासनं दोऱ्यापर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. पुढची कड दोऱ्याला जास्त जवळ आली तर चाक बाहेर वळलंय. चौदा इंची रिमला १ मिलीमीटरचा फरक म्हणजे साधारण ०.१५ अंश, तर ४ मिलीमीटर भरले की ०.६ समजा. रिम वाकडी असण्याची शंका असेल तर चाक अर्धा फेरा पुढं ढकलून परत मोजा आणि सरासरी काढा.

दोष कुठल्या चाकाकडं आहे ते पक्कं झालं की मेकॅनिककडं गाडी उचलून आधी स्वस्तातलं बघायचं, चाक धरून हलवून बेअरिंगला प्ले आहे का, बीमचे बुश, म्हणजे बीम गाडीला जोडणारे रबरी तुकडे, फाटलेत का. बुश बदलायचे झाले तर एक गोष्ट आवर्जून सांगा, त्याचा मोठा बोल्ट फायनल टाइट करताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर लटकत असताना आवळला तर बुश पिळून बसतो आणि लवकर फाटतो. मग स्टब. बऱ्याच गाड्यांत स्टब बीमला बोल्टनं बसवलेला सुटा पार्ट असतोय, तो बदलून परत माप घ्यायचं. बहुतेक वेळा काम तिथंच संपतं. नाही संपलं तर बीमच वाकलाय, मग बीम. अगदी थोडका फरक राहिला तर स्टब आणि बीमच्या मध्ये तिरकी शिम, म्हणजे पातळ चकती, टाकून काढतात, पण वाकलेला पार्ट तसाच ठेवून त्याच्यावर शिमचं पांघरूण घालू देऊ नका.

आणि हे मात्र ठणकावून सांगतो. उद्यमनगरात कुणीतरी तुम्हाला म्हणेल ताई बीम कशाला बदलताय, गरम करून जॅकनं सरळ करून देतो, निम्म्याच्या निम्म्या पैशात. आपल्या उद्यमनगरात काय होत नाही, लेथवर, भट्टीवर वाटेल ते बनवणारी माणसं आहेत, अभिमानच आहे. पण बीमच्या बाबतीत नको. तो रोज पिळला जाणारा पार्ट आहे, खड्ड्यात एक चाक खाली गेलं की तो पिळतो आणि परत येतो. त्याला ज्योत लावली की तिथला पोलादाचा पाण उतरतो, आज सरळ दिसेल, पुढं वेल्डजवळ चीर गेली तर मुदाळ तिट्ट्याच्या पुढं कुठंतरी भर पावसात कळेल. स्क्रॅपमधला बीम घेणार असाल तर तोही कुठल्या अपघाताच्या गाडीचा आहे कुणास ठाऊक, बसवल्यावर माप बरोबर आलं तरच पैसे, असं आधी ठरवा.

तार दिसणारा टायर आजच काढा, उद्यासुद्धा नको. नक्षीच्या फटीत छोटे उंचवटे असतात, झीज तिथंपर्यंत आली की १.६ मिलीमीटर उरलं, तिथंच टायर बाद, तुमचा तर त्याच्या पार पुढं गेलाय. स्टेपनी लावा, पण तिच्यावरचे चार आकडे बघून, २३१७ असं असेल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलीच स्टेपनी असेल तर नक्षी कितीही कोरी असू दे, रबर म्हातारं झालंय, दुरुस्तीपर्यंतचे चार दिवस हळू चालवायला ठीक, कायमची नाही.

दुरुस्ती होऊन प्रिंट हिरवी आल्यावरच दोन नवीन टायर घ्या आणि ते मागं टाका, पुढं नाही. दुकानात उलटं सांगतील, पुढची चाकं ओढतात म्हणून नवीन पुढं. पण ओल्या वळणावर पुढचा टायर सुटला तर गाडी सरळ जाते, आपण ॲक्सिलरेटर सोडतो, बहुतेक वेळा सावरते. मागचा सुटला तर गाडी गरकन फिरते आणि ते सावरणं कुणाच्याही हातात नसतं. गारगोटी रस्त्याचा पावसाळा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघताय. आणि हो, दुरुस्तीच्या आधी टायर आलटून-पालटून करू नका, पुढचा चांगला टायर मागं गेला की तोही खाल्ला जाईल आणि आतनं खाल्लेला पुढं गेला की पुढचा मेकॅनिक पुढच्याच चाकात दोष शोधत बसेल, सगळा पुरावा मिटला. नीट झाल्यावर दर आठ-दहा हजार किलोमीटरला खुशाल फिरवा.

बाकीच्या वाचकांसाठी एक-दोन ओळी. मागं मल्टिलिंक सस्पेन्शन, म्हणजे एका बीमऐवजी प्रत्येक चाकाला सुट्या दांड्या, असलेली गाडी असेल, एक्सयूव्ही ७०० सारखी, तर मागं बहुतेक वेळा फिरवायची सोय असते, तिथं "मागचं होत नाही" असं ऐकून घेऊ नका. बोलेरोसारख्या कमानपाट्याच्या गाड्यांत आधी यू बोल्ट ढिले आहेत का आणि पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय का ते बघा, तो तुटला की अख्खा एक्सल मागं सरकतो.

राहिले सासरे. एका स्टबसाठी गाडी काढायची गरज नाही, आणि आता विकायला गेलात तर बघायला येणारा जाणता असेल तर मागच्या टायरला हात लावूनच भाव पाडेल. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंटचे फोटो काढून पाठवा, नंबरप्लेट झाकून, आकडे मी बघून सांगतो.